रोवणीनंतरची रीत

सुखदेव नापास झाला. कॉलेजात दुसऱ्यांदा, आणि पुन्हा गणितातच. आज सकाळी येऊन त्यानं सांगितलं. हे तुम्हाला सांगायला हवं, म्हणून दुपारची भांडी तशीच ठेवून लिहायला बसले आहे. तोंडानं मी तुमच्याशी कधी फार बोलले नाही. तुम्ही विचाराल तेवढ्याचं उत्तर द्यायची आणि वाढायला उठायची. आता तुम्ही काही विचारणार नाही, आणि सांगायचं मात्र साठत चाललं आहे.

तुम्ही गेलात तेव्हा चैत्र सरत आला होता. भेटायला आलेली माणसं बाहेर सपरीत बसून एकच बोलत होती, गुरुजींच्या हाताखालचं पोरगं मॅट्रिकला गणितात कधी अडकलं नाही. मी आत भिंतीला टेकून ऐकत होते. हेच कोणी बोललं की शेवटच्या वर्षी तुमचा चेहरा कसा व्हायचा, ते मला दिसत होतं. मग जूनमध्ये मॅट्रिकचा निकाल आला, तुमच्या शेवटच्या वर्गाचा. बरीच मुलं गणितात नापास होऊन राहिली. तेव्हापासून कोणी तुमच्या निकालांचं बोलत नाही. लक्ष्मणभाऊ तर रस्त्यात मला पाहून तोंड फिरवून गेले. त्यांचा मुलगाही राहिला.

आपल्याकडे शाळा उघडते आणि रोवणी लागते. हे काही कोणाच्या हातातलं नाही. शेतातल्या बांधीत पाणी साचलं की धानाची रोपं लावायला घरातला प्रत्येक हात लागतो. तेव्हा वर्गात उरायची ती दुकानदारांची आणि नोकरदारांची मुलं. बाकीची गुडघाभर चिखलात. पुस्तक मात्र सुरू करावंच लागे, कारण तपासणीला साहेब आले की कुठवर आलात ते आधी विचारत. म्हणून दरवर्षी पहिली प्रकरणं तुम्ही अर्ध्या रिकाम्या वर्गाला शिकवलीत. रोवणी आटोपून मुलं परतली की त्यांना संध्याकाळी घरी बोलवायचात. पायांच्या बोटांत चिखल्या झालेल्या, तळहात भिजून पांढरे पडलेले. मी करंजीचं तेल वाटीत काढून ठेवायची. तेल लावता लावता ती तुमच्यामागून रीत म्हणायची.

रीत म्हणजे सुटलेल्या प्रकरणांचा नुसता अर्क. समीकरणात इकडचं तिकडे न्या, अधिकाचं उणे करा. गुणलं असेल तर भागा, भागलं असेल तर गुणा. तुम्ही त्याला पाढ्यासारखी चाल लावली होती. आठवडाभर सगळी सपरी घुमायची, की झालं. मुलं वर्गाच्या बरोबरीला आली.

सुखदेव आठवीत होता तेव्हाची गोष्ट. सगुणाबाईचा मुलगा. ढिवराचं घर, तळ्यावर जाळं टाकणारं, आणि रोवणीत दुसऱ्यांच्या बांधीत मजुरी करणारं. तोच एकटा मध्ये थांबून का ते विचारायचा.

"गुरुजी, तिकडे नेल्यावर अधिकाचं उणे काऊन होते?"

"काऊन नंतर. आदी पाठ कर."

"पण काऊन होते?"

"अरे, तुह्या बापानं जाळं टाकाले शिकोलं तवा काऊन विचारलं होतं काय? टाक म्हनलं, टाकलं."

मुलं हसली. सुखदेवही हसला. तेव्हापासून मुलं तुम्हाला पाठीमागं 'नंतर गुरुजी' म्हणू लागली. ते तुमच्या कानावर आलं होतं. एकदा जेवताना मला म्हणालात, "मले नंतर गुरुजी म्हनतेत म्हणे. म्हनू दे. पास होतेत ना?"

तुमचं खोटं नव्हतं. तुम्हाला खरंच वाटत होतं की नंतर सांगू. पण नंतर धानाची कापणी यायची, मग मळणी, मग परीक्षा डोक्यावर. आणि मुलं पास होतच होती. पास झालेल्या मुलाला मागे बोलावून काऊन कोण सांगतो?

सुखदेवला मॅट्रिकच्या निकालावर इंजिनिअरिंगच्या डिप्लोमा कॉलेजात जागा मिळाली, सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, त्या दिवशी तुम्ही दुपारीच घरी आलात. शाळा सुटायच्या आधी तुम्ही घरी आल्याचं मला दुसरं आठवत नाही. गावातून असा कोणी गेलाच नव्हता. स्टेशनावर छोट्या गाडीला निम्मं गाव आलं होतं. सगुणाबाईनं त्याच्या ट्रंकेत सुकी मासोळी भरली होती, तर बरोबरीची पोरं त्याला चिडवत होती, "वासानं डब्यातून मानसं उतरून जातीन गा, सुकदेवा. मंग झोपून जाजो." तुम्ही मागे उभे होतात, टोपी हातात घेऊन. तो पाया पडायला वाकला तेव्हा तुम्ही टोपीसकट हात त्याच्या पाठीवर ठेवलात. आपल्याला मूल नाही, हे त्या दिवशी माझ्या मनात आलं नाही. एवढंच सांगते.

दिवाळीला तो आला तो गप्प. वैशाखात आला तो आपल्या घराकडे फिरकलाच नाही. नापास झाल्याचं तुम्हाला पुढे हेडमास्तरांकडून कळलं. तुम्ही चिडलात. "त्याले सारं येते. मी स्वतः पाठ करून घेतलं. अभ्यास केला नसंन." मी म्हटलं, इंग्रजीत शिकवतात, त्यानं अडलं असेल. तुम्ही म्हणालात, इंग्रजी त्याची चांगली आहे, ते कारण नाही.

मग ती दुपार. तुम्ही जेवत होतात आणि मी दाराशी तांदूळ निवडत बसले होते. हात चालत होते आणि तोंडातून आपोआप रीत निघत होती. इकडचं तिकडे न्या, अधिकाचं उणे करा, वर्गाचं पद आधी मांडा. इतकी वर्षं कानावर पडून ती माझ्या अंगात बसली होती, जात्यावरच्या ओवीसारखी. तुमचा घास हातात थांबला.

"काय म्हनून राह्यली?"

मी लाजून पुन्हा तांदळात मान घातली.

"म्हन. पुढचं म्हन."

मी म्हटलं. वर्गसमीकरणाची सबंध रीत म्हटली, कुठे न अडता.

"याचा अर्थ काय?"

"मले काय माहीत जी. पोरं म्हनतेत, ते कानावर पडते."

तुम्ही रागावला नाहीत. ताटावरून उठलात, हात धुतलेत आणि टोपी न घालता बाहेर पडलात. मला वाटलं, माझं चुकलं, बाईनं असं शाळेतलं बोलू नये. मी ताट उचललं तेव्हा भात अर्धा तसाच होता. तुम्हाला काय दिसलं, ते मला पुष्कळ पुढे समजलं. चौथी शिकलेली तुमची बायको आणि इंजिनिअरिंगला पाठवलेला तुमचा विद्यार्थी, दोघांना तेवढंच येत होतं. फरक इतकाच की मला कोणी फळ्यासमोर उभं केलं नव्हतं.

तुम्ही तसेच तळ्यावर गेलात. सुखदेव काठाच्या पाळीवर बसून काकांबरोबर जाळं सांधत होता. पुढचं मला तुम्हीच नंतर तुटक तुटक सांगितलंत. कॉलेजात पहिल्याच महिन्यात प्रोफेसरांनी त्याला उठवलं आणि एक पायरी दाखवून विचारलं, असं का? त्यानं उत्तर म्हणून रीत म्हटली. घाबरला होता, म्हणून चालीवर म्हटली. सगळा वर्ग हसला. पुढं वर्षभर होस्टेलात मुलं त्याला जेवणानंतर उभं करायची आणि म्हणायची, जंगलवाल्या, गाणं म्हण. तो म्हणायचा. नाही म्हणायची सवय त्याला आपण लावली नव्हती.

त्याला तुम्ही घरी आणलंत. सपरीत समोर बसवून एकेक साधी गोष्ट विचारू लागलात. तुमचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. दहावीचं विचारलंत, नववीचं, आठवीचं. मधलं त्याला येत होतं, पुस्तकाच्या शेवटचंही येत होतं. अडायचा तो दर इयत्तेच्या सुरुवातीला. तुम्ही जुनी पुस्तकं काढून एकाशेजारी एक उघडलीत. मी चहा घेऊन आले तर तुम्ही पुस्तकांकडे नुसते पाहत होतात. जे जे त्याला येत नव्हतं ते ते रोवणीत शिकवलेलं होतं. दरवर्षी तीच प्रकरणं, आणि दरवर्षीचा पाया त्याच प्रकरणांत. सुखदेवला तुम्ही काही बोलला नाहीत. "चाल, पहिल्यापासून करू," एवढंच म्हणालात.

शाळा उघडेपर्यंत तुम्ही त्याला रोज शिकवलंत. तराजूचं बोललात ते मी आतून ऐकलं. दोन्ही पारड्यांतून सारखं काढलं तर काटा हलत नाही. इकडचं तिकडे जात नाही, दोन्हीकडून तेवढंच निघतं, म्हणून चिन्ह बदललेलं दिसतं. सुखदेवनं बोटानं जमिनीवर तराजू काढून पाहिला. मग म्हणाला, "एवढंच होतं काय, गुरुजी?" तुम्ही उठून पाणी प्यायला आत आलात. माझ्याकडे पाहिलं नाहीत.

जुलैत शाळा उघडल्यावर तुम्ही हेडमास्तरांना सांगितलंत की मॅट्रिकची पहिली प्रकरणं मी रोवणीनंतर घेणार, सगळी मुलं आल्यावर, आणि रीत देणार नाही. वर्गातल्या वर्गात काऊन सांगणार. पुस्तक मागे पडलं. सहामाहीत अर्धा वर्ग नापास झाला. लक्ष्मणभाऊ सपरीत येऊन बसले.

"गुरुजी, तुमी आता काऊन शिकवता म्हणे."

"हो."

"बोर्डाच्या पेपरात काऊन विचारतेत काय?"

"नाई विचारत."

"मंग? माह्या पोराले पटवारी व्हायचं हाये, गुरुजी. त्याले विमान नाई उडवायचं. तुमची ते जुनी रीत द्या अन् मोकळं करा."

तुम्ही दिली नाही. ते गेल्यावर मी पहिल्यांदा तुमच्याशी भांडले. भांडले म्हणजे काय, पदराचं टोक धरून चार वाक्यं बोलले. म्हटलं, पोरांना पास होऊ द्या. समज मागून येईल. तुम्ही म्हणालात, "मागून नाई येत. सुखदेवले आली काय?" मी म्हटलं, सगळे कुठं इंजिनिअर होणार आहेत. तुम्ही म्हणालात, "कोन होनार ते मी ठरवू काय? कोन चिखलात होता त्याच्यावरून ठरवू काय?" मी ताटं घासायला उठले.  ती मुलं राहिली, त्यांच्या आया पाण्यावर भेटतात. त्यांच्याकडे पाहून मला माझंच खरं वाटतं. सुखदेवकडे पाहून तुमचं.

माघात तुमचे डोळे पिवळे दिसायला लागले. तरी तुम्ही शाळेत जात होतात. वैद्यांचं औषध झालं, मूल गावातल्या डॉक्टरांचं झालं. फाल्गुनात खाट धरलीत. अन्नाचा वास नको म्हणून मी चूल मागच्या पडवीत नेली. तुमचं अंग इतकं हलकं झालं होतं की कूस बदलायला मला कोणाची मदत लागत नव्हती. त्याचंच मला भय वाटायचं. आणि तरी, खरं लिहिते, लग्नानंतर तुम्ही माझ्याशी सगळ्यात जास्त बोललात ते त्या दिवसांत. लहानपणी गणितात तुम्हालाच छडी बसली होती, हे तुम्ही मला तेव्हा सांगितलंत. तुमच्या गुरुजींनीही पाठच करून घेतलं होतं, आणि कितीतरी काऊन तुम्ही स्वतः मास्तर झाल्यावर एकट्यानं शोधलेत. मग ते तुम्ही मुलांना द्यायला कसे विसरलात, हे मी विचारलं नाही. आजारी माणसाला काय विचारायचं. आणि मला ते ऐकायला बसवलंत याचंच मला इतकं वाटत होतं.

मग एका दुपारी, ऊन अंगणात आलेलं असताना, तुम्ही म्हणालात, "मी त्याले सांगतलंच नाई."

"कोनाले?"

"सुखदेवले. त्याले वाटते त्याचंच डोकं जड हाये. भोक मी ठेवलं, हे त्याले नाई सांगतलं."

मी म्हटलं, सांगा मग. कोणाला तरी पाठवून बोलावून घेते.

"पेपर होऊ दे. आता सांगतलं तं त्याचा माह्यावरचा भरोसा जाईन. पेपर झाल्यावर सांगतो."

तुम्ही ते त्याच्या भल्यासाठी म्हणत होतात की स्वतःच्या, ते मला कळलं नाही. तुम्हालाही कळत नसावं. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. तुमचं काही झालं तरी पेपर होईपर्यंत त्याला कळवायचं नाही, असंही बजावलंत. तसंच झालं. त्याचे पेपर चालू असताना तुम्ही गेलात आणि तो तेरवीला पोचला.

तेरवीला तो कोपऱ्यात बसून रडला. मी पेपरचं विचारलं. म्हणाला, "यंदा सारं समजत होतं, बाई. एकेक गनित पयल्यापासून, काऊनपासून केलं. बाकीचे भराभर लिवून राह्यले होते. माहा अर्धाच पेपर झाला अन् घंटा वाजली." म्हणजे समजलं होतं. तुम्ही जे द्यायला निघाला होतात ते पोचलं होतं, फक्त उशिरा. हे तुम्हाला सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं, असं त्या दिवसभर वाटत राहिलं. मी त्या दिवशी दुसरं काही बोलले नाही. घर माणसांनी भरलेलं होतं, आणि वाटलं, कदाचित पास होईल. मग सांगायची गरजच पडणार नाही.

आज तो दारातच उभा राहिला. हातात वळकटी होती.

"निकाल लागला, बाई."

त्याच्या तोंडावरूनच कळलं. मी बस म्हटलं. तो उंबऱ्याशी बसला.

"आता पुन्हा बसू देत नाईत. सारं सामान घेऊन आलो."

"आता काय करशीन?"

"मामा अहेरीले लाकडाच्या डेपोवर हाये. ये म्हनते. लाकडावर नंबर टाकाचे, लिवाचं." थोडं थांबून म्हणाला, "गुरुजीनं लय जीव लावला. माह्यातच काई नाई. फुटक्या मडक्यात पानी वतत राह्यले ते."

मी चहा ठेवायला उठले होते ती परत बसले. तुम्ही मला त्याला सांग असं म्हटलं नव्हतं. सांगू नको असंही म्हटलं नव्हतं. मला परपुरुषासमोर बोलायची सवय नाही, आणि सुखदेव आता मोठा झाला आहे, मिशा आल्या आहेत. मी जमिनीकडे पाहतच बोलले.

"मडकं फुटकं नोहतं, बापू. जायच्या आदी तेच बोलले मले. रोवनीत तुहं जे सुटलं ते त्यायनं तुले कधी शिकोलंच नाई. दरवर्सी नुसती रीत देल्ली. चूक माही होती म्हनले, त्याची नाई."

त्यानं हातातली वळकटी खाली ठेवली.

"हे त्यायले कवा समजलं?"

"तू पयल्यांदा नापास झाला तवा. पुस्तकं उघडून बसले होते ना, त्या दिवसी."

"त्या दिवसी?" तो उभा राहिला. "मी समोर बसलो होतो त्या दिवसी. मंग मले काऊन नाई सांगतलं? सालभर, बाई! सालभर मी तिथी सोताले ढोर म्हनून राह्यलो. पोरं म्हनत होते ते खरं हाये म्हनलं. मायले म्हनलं, तुह्या पोटी गोटा आला. ते रडली. गुरुजीले माहीत होतं अन् मले सांगतलं नाई?"

"पेपर झाल्यावर सांगनार होते."

"पेपर झाल्यावर!" तो हसला. ते हसू चांगलं नव्हतं. "आदी सांगतलं असतं तं पास झालो असतो काय मी?"

"मले नाई माहीत."

मला खरंच माहीत नाही. हो म्हणावं तर त्याची जखम मोठी करावी, नाही म्हणावं तर ती त्याच्याच डोक्यावर ठेवावी. तुम्हाला तरी माहीत असतं का?

त्यानं वळकटी उचलली. चहा नको म्हणाला, तेही नीट म्हणाला नाही. नमस्कार केला नाही. असा तो या घरातून कधी गेला नव्हता. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. तळ्याच्या पाळीवर पोचल्यावर तो थांबला, वळकटी खाली टाकली आणि तुमचं नाव घेऊन ओरडला. शिवी दिली. धुणं धुणाऱ्या बाया काम सोडून उभ्या राहिल्या.

मी ते नाव कधी तोंडानं घेतलं नाही, आणि कोणी ते असं घेतलेलं या गावात ऐकलं नव्हतं. मला राग यायला हवा होता. तुमचे दिवस होऊन दोन महिनेही झाले नाहीत. पण राग आला नाही. गेलं वर्षभर हा मुलगा बोलायचा तर स्वतःच्या छातीशी बोलायचा, दोनदा विचारावं लागायचं, काय म्हणालास म्हणून. आज त्याचा आवाज पाळीवरून आपल्या दारापर्यंत आला.

मी दार लावून घेतलं नाही. तो पुन्हा ओरडला तर ऐकू यावं, म्हणून तशीच उभी राहिले.